पॉइंट टू-टूचा दुष्काळ : अमेरिकी हौशी नेमबाजांची काडतूसटंचाई, २०१२ ते २०२१

अमेरिकेच्या खुल्या बाजारात २०१२ च्या अखेरीस सुरू झालेली आणि काही प्रकारांपुरती २०१६ पर्यंत रेंगाळलेली काडतूसटंचाई ही अलीकडच्या आर्थिक इतिहासातली एक चमत्कारिक घटना मानावी लागते. त्या काळात कोणतेही मोठे नवे युद्ध पेटलेले नव्हते, शिसे किंवा तांबे दुर्मीळ झालेले नव्हते, काडतुसांचा एकही प्रमुख कारखाना बंद पडलेला नव्हता; उलट कारखाने रात्रंदिवस चालू होते आणि नेहमीपेक्षा अधिकच माल बाहेर पडत होता. असे असूनही दुकानांच्या फळ्या रिकाम्या राहिल्या, भाव दुप्पट-तिप्पट झाले आणि त्याचा सर्वांत जास्त चटका बसला तो सुट्टीच्या दिवशी मैदानावर जाऊन कागदी लक्ष्यावर किंवा पत्र्याच्या डब्यांवर नेम धरणाऱ्या हौशी नेमबाजाला, आणि तोही त्याच्या वापरातल्या सर्वांत साध्या व स्वस्त काडतुसाच्या बाबतीत. पुढे २०२० मध्ये असाच दुसरा, आणि काही बाबतींत अधिक व्यापक, दुष्काळ आला. ही टंचाई मुख्यतः तिच्याच धास्तीतून जन्मली, आणि ती इतकी लांबली याचे कारण कारखानदारांच्या सावधपणात शोधावे लागते, असे या दोन्ही घटना शेजारी ठेवून पाहता दिसते.

ज्या काडतुसाभोवती हे सारे फिरते त्याला अमेरिकेत ‘ट्वेन्टी-टू’ म्हणतात आणि भारतातले नेमबाज ‘पॉइंट टू-टू’ म्हणतात. बंदुकीच्या नळीचा आतला व्यास इंचाच्या सुमारे बावीस शतांश, म्हणजे ५.६ मिलिमीटर, असतो यावरून हे नाव आले. पॅरिसमधल्या लुई-निकोला फ्लोबेर या बंदूककारागिराने १८४५ च्या सुमारास दिवाणखान्यातल्या नेमबाजीसाठी, म्हणजे अक्षरशः घरात बसून खेळण्यासाठी, जे चिमुकले काडतूस बनवले ते याचे मूळ होय. अमेरिकेत स्मिथ अँड वेसन कंपनीने १८५७ मध्ये त्याची सुधारलेली आवृत्ती काढली, आणि १८८७ मध्ये जे. स्टीव्हन्स या कंपनीने थोडे लांब, अधिक वजनाची गोळी असलेले ‘लाँग रायफल’ काडतूस बाजारात आणले. तेच आजही, फारसा बदल न होता, ऑलिंपिकच्या ५० मीटर रायफल प्रकारापासून ससे-खारींच्या शिकारीपर्यंत सर्वत्र चालते.

या काडतुसाची रचना समजल्याशिवाय टंचाईचा उलगडा होत नाही. काडतुसाची पितळी पुंगळी, तिच्यात दारू, तोंडाशी शिशाची गोळी आणि दारू पेटवणारे संवेदनशील स्फोटक हे चार घटक सर्वच काडतुसांत असतात. मोठ्या काडतुसांत हे पेटवण स्फोटक एका छोट्या धातूच्या टोपीत भरून पुंगळीच्या तळाच्या मध्यभागी बसवलेले असते. या टोपीला प्रायमर आणि अशा काडतुसाला सेंटरफायर म्हणतात. वापरलेला प्रायमर काढून नवा बसवता येतो, त्यामुळे सेंटरफायर पुंगळी पुन्हा भरता येते, आणि असंख्य अमेरिकी नेमबाज घरच्या बाकावर हातयंत्राने असे पुनर्भरण करून खर्च आटोक्यात ठेवतात. पॉइंट टू-टू मात्र रिमफायर जातीचे आहे. त्याच्या पुंगळीचा तळ दुमडून जी बारीक कडा तयार होते तिच्या पोकळीत पेटवण स्फोटक भरलेले असते आणि बंदुकीची आतली खीळ त्या कडेवर आदळून ती चेपते. एकदा चेपलेली कडा पूर्ववत होत नाही, म्हणून वापरलेली पुंगळी भंगारात जाते आणि नेमबाजाला प्रत्येक बारासाठी कारखान्याच्याच तोंडाकडे पाहावे लागते.

कारखान्यातले काम पाहिले तर आणखी एक मर्यादा लक्षात येते. कडेत भरायचे मिश्रण, ज्याचा मुख्य घटक लेड स्टिफ्नेट हे शिशाचे संयुग असते, कोरडे झाले की घर्षणाने किंवा ठिणगीने उडते, म्हणून ते पाण्याने ओले, मळलेल्या पिठासारखे ठेवतात. शेकडो बारीक छिद्रे असलेल्या पट्टीवर हा गोळा सारवला जातो, प्रत्येक छिद्रात ठरल्या मापाचा कण बसतो, मग ती पट्टी रिकाम्या पुंगळ्यांच्या ओळींवर धरून ते कण खाली पाडतात, आणि शेवटी वेगाने फिरणारी दांडी प्रत्येक पुंगळीत उतरून तो ओला कण कडेच्या पोकळीत पसरवते. हे मिश्रण सुकले की पुढे दारू आणि गोळी भरण्याचे काम यंत्रे झपाट्याने उरकतात. पेटवण भरण्याच्या खोल्या मात्र जाड भिंतींच्या, एकमेकींपासून अलग आणि अनुभवी हातांच्या असाव्या लागतात. त्या महिन्याभरात वाढवता येत नाहीत, आणि सेंटरफायरची यंत्रे वळवून त्यांच्यावर पॉइंट टू-टू काढता येत नाही. शिवाय अमेरिकेत हे काडतूस मोठ्या प्रमाणावर बनवणारे कारखाने हाताच्या बोटांवर मोजण्याइतके आहेत : आयडाहोतल्या लुइस्टन येथे सीसीआय, मिनेसोटातल्या अनोका येथे फेडरल, मिसिसिपीतल्या ऑक्सफर्ड येथे विंचेस्टर आणि आर्कान्सातल्या लोनोक येथे रेमिंग्टन.

पन्नास काडतुसांची एक डबी आणि अशा दहा डब्यांचा एक गठ्ठा, ज्याला तिथले दुकानदार ‘ब्रिक’ म्हणजे वीट म्हणतात, ही पॉइंट टू-टूच्या खरेदीची रूढ मापे आहेत. २०१२ पूर्वी साध्या प्रतीची ५०० ची वीट वीस डॉलरच्या आसपास मिळे, म्हणजे एका बाराला चार सेंट पडत. या स्वस्ताईवर एक अख्खी संस्कृती उभी होती. बालवीर संघटनेतील मुले रायफलचे पदक याच काडतुसावर मिळवत, ग्रामीण भागातले युवक मेळावे आणि गावोगावचे क्लब यावरच चालत, बाप मुलाला पहिला नेम धरायला यावरच शिकवी. धक्का जवळजवळ नाही, आवाज थोडा आणि खिशाला भार नाही, त्यामुळे एका दुपारी दोन-तीनशे काडतुसे उडवणे यात कोणालाच उधळपट्टी वाटत नसे.

कायद्याची बाजूही सांगितली पाहिजे, कारण भारतीय वाचकाला ती अपरिचित आहे. भारतात परवान्यावर काडतुसांची संख्या लिहिलेली असते आणि त्यापलीकडे एकही बाळगता येत नाही. अमेरिकेत १९६८ च्या बंदूक नियंत्रण कायद्याने टपालाने काडतुसे मागवण्यास बंदी केली होती आणि दुकानदाराला विक्रीच्या नोंदी ठेवणे भाग पाडले होते. १९८६ च्या कायद्याने यातली बहुतेक बंधने उठवली. त्यानंतर बहुसंख्य राज्यांत सज्ञान व्यक्तीला वाटेल तितकी काडतुसे, कोणतीही नोंद न होता, विकत घेता येऊ लागली. साठवण्यावर मर्यादा नाही, माल नीट कोरडा ठेवला तर दशकेही टिकतो, आणि विकायला काढला तर गिऱ्हाईक नक्की मिळते. साठेबाजीला याहून सोयीची वस्तू शोधून सापडणे कठीण.

या बाजाराला राजकारणाचा पहिला मोठा हिसका बसला तो नोव्हेंबर २००८ मध्ये बराक ओबामा राष्ट्राध्यक्षपदी निवडून आल्यावर. नवे सरकार शस्त्रांवर निर्बंध आणील या तर्काने बंदुका आणि काडतुसे यांची खरेदी उसळली आणि २००९ मध्ये पिस्तुलाची काडतुसे, विशेषतः खिशात मावणाऱ्या छोट्या पिस्तुलांची, कित्येक महिने दिसेनाशी झाली. पॉइंट टू-टूला त्या वेळी तुलनेने कमी झळ लागली. वर्षभरात निर्बंध आले नाहीत, खरेदी ओसरली आणि बाजार पूर्वपदावर आला. त्या अनुभवातून ग्राहक एक धडा शिकले आणि कारखानदार दुसराच शिकले, याचा प्रत्यय चार वर्षांनी आला.

१४ डिसेंबर २०१२ रोजी कनेटिकट राज्यातल्या न्यूटाउन गावी सँडी हुक प्राथमिक शाळेत एका तरुणाने केलेल्या गोळीबारात २० मुले आणि ६ प्रौढ मारले गेले. देश हादरला, आणि १६ जानेवारी २०१३ रोजी ओबामा यांनी लष्करी धाटणीच्या रायफली व मोठ्या क्षमतेच्या मॅगझिनवर बंदी, तसेच प्रत्येक खरेदीदाराची पार्श्वभूमी तपासणी यांचा प्रस्ताव मांडला. परवानाधारक दुकानातून बंदूक घेणाऱ्याचे नाव केंद्रीय तपास संस्थेच्या यादीशी ताडून पाहण्याची जी व्यवस्था १९९८ पासून आहे, तिच्यात एकट्या डिसेंबर २०१२ मध्ये सुमारे २७.८ लाख तपासण्या झाल्या आणि तोवरचा उच्चांक मोडला. तपासणी म्हणजे विक्री नव्हे हे खरे, तरी लोकांचा कल कुठे होता हे त्यावरून कळते. १७ एप्रिल २०१३ रोजी पार्श्वभूमी तपासणीचा विस्तार करणारी तडजोडीची दुरुस्ती सिनेटमध्ये ५४ विरुद्ध ४६ मतांवर अडली, कारण पुढे जाण्यास ६० मते लागत होती. कायदा झालाच नाही. काडतुसे मात्र तोवर फळ्यांवरून नाहीशी झाली होती आणि प्रस्ताव पडल्यावरही ती परतली नाहीत.

काडतुसांवर, त्यातही पॉइंट टू-टूवर, कोणी बंदी सुचवलेली नव्हती. मग झुंबड त्यावर का पडावी? याची कारणे एकात एक गुंतलेली आहेत. मोठ्या काडतुसांचे भाव चढल्यावर नेमबाज सरावासाठी स्वस्त काडतुसाकडे वळले. लष्करी रायफलीसारख्या दिसणाऱ्या, पण पॉइंट टू-टू चालवणाऱ्या आणि एका दमात २५ बार काढणाऱ्या रायफली २००९ पासून लोकप्रिय झाल्या होत्या, त्यामुळे खपाचा मुळातला दरच वाढला होता. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे २००९ मध्ये हात हलवत परतलेल्या गिऱ्हाइकाने या वेळी ठरवले होते की पुन्हा तशी पाळी येऊ द्यायची नाही. दरमहा एक वीट वापरणाऱ्या माणसाने घरात वर्षभराचा साठा असावा असे मनात घेतले की त्याची मागणी तेवढ्यापुरती बारापट होते. असे लाखो लोक एकाच महिन्यात ठरवू लागले तर जगातला कोणताही कारखाना त्यांना पुरा पडणार नाही. यात वेडेपणा कोणाचाच नव्हता. ज्याने साठा केला त्याचा अंदाज खरा ठरला, कारण त्याच्यासारख्यांनी साठा केल्यामुळेच माल मिळेनासा झाला होता.

पुढचे दृश्य रेशनच्या दुकानावरचे रॉकेल आठवणाऱ्या मराठी वाचकाला परके वाटू नये. वॉलमार्ट या देशव्यापी साखळीने जानेवारी २०१३ मध्ये दर ग्राहकाला दिवसाला तीन डब्यांची मर्यादा घातली. मालाची गाडी कोणत्या वारी, किती वाजता येते हे ठाऊक असलेले लोक दुकान उघडण्यापूर्वी रांग लावू लागले. त्यांत निवृत्त माणसांचा भरणा अधिक, कारण सकाळी सहाला रांगेत उभे राहणे नोकरदाराला परवडत नाही. मोठ्या दुकानांनी बदनामीच्या भीतीने छापील भाव फारसा चढवला नाही, त्यामुळे वीस-पंचवीस डॉलरची वीट दुकानातून उचलायची आणि त्याच आठवड्यात शस्त्रमेळ्यात पन्नास-साठ डॉलरला विकायची, हा अनेकांचा जोडधंदा झाला. दुकानदाराने भाव वाढवला तर तो नफेखोर, आणि न वाढवला तर माल साठेबाजाच्या घशात, अशा कात्रीत सचोटीचे छोटे विक्रेते सापडले; काहींनी नव्या बंदुकीबरोबरच एखादी डबी द्यायची किंवा मैदानावर सरावाला येणाऱ्यालाच तिथल्या तिथे वापरण्यासाठी विकायची, असे मार्ग काढले.

टंचाई आली की तिच्यामागे कोणाचे तरी कारस्थान शोधले जाते. अंतर्गत सुरक्षा खाते १६० कोटी काडतुसे विकत घेत असून सामान्य माणसाला माल मिळू नये म्हणूनच हा डाव आहे, अशी वदंता २०१३ मध्ये देशभर पसरली आणि संघराज्याच्या खात्यांच्या काडतूस खरेदीवर मर्यादा घालणारे विधेयकही काँग्रेसमध्ये मांडले गेले. तो आकडा म्हणजे अनेक वर्षांच्या करारांतल्या कमाल मर्यादांची बेरीज होती. प्रत्यक्ष खरेदी नव्हे. संसदेच्या लेखापरीक्षण कार्यालयाने जानेवारी २०१४ मध्ये अहवाल दिला, त्यानुसार या खात्याची खरेदी २००९ पासून घटत आली होती. २००८ ते २०१३ या आर्थिक वर्षांतली तिची वार्षिक सरासरी सुमारे १०.९ कोटी होती आणि २०१३ मध्ये ती ८.४ कोटींवर आली होती. शिवाय सरकारी शिपाई वापरतात ती पिस्तुलाची आणि रायफलीची सेंटरफायर काडतुसे. त्यांनी कितीही घेतली तरी पॉइंट टू-टूच्या यंत्रांवर त्याचा परिणाम होण्याचे कारण नव्हते. अहवाल आल्यावरही वदंता थांबली नाही.

दुसरी अफवा शिशाची. मिसूरी राज्यातल्या हर्क्युलेनियम येथे १८९२ पासून चालू असलेली, खनिजापासून शिसे गाळणारी देशातली शेवटची भट्टी प्रदूषणाच्या कडक मानकांमुळे डिसेंबर २०१३ मध्ये बंद झाली, आणि बंदुकीवर हात टाकता येईना म्हणून सरकारने मागच्या दाराने काडतुसे बंद पाडली असा बोभाटा झाला. वस्तुस्थिती अशी की हवेतल्या शिशाचे मानक २००८ मध्येच, ओबामा निवडून येण्यापूर्वी, कडक करण्यात आले होते, आणि काडतुसांना लागणारे शिसे बहुतांशी जुन्या बॅटऱ्या वितळवून मिळते. साधा हिशेबही पुरेसा आहे : पॉइंट टू-टूची प्रमाणित गोळी सुमारे २.६ ग्रॅमची असते, म्हणजे ५०० च्या विटेत १.३ किलो शिसे. त्या वेळच्या जागतिक भावाने त्याची किंमत तीन डॉलरच्याही आत भरते. वीस डॉलरची वीट साठ डॉलरला जाण्याचे कारण शिशात सापडणे शक्यच नाही.

मग नव्या यंत्रांवर पैसा घालून कारखानदारांनी ही मागणी का पुरवली नाही? ग्राहकांचा सर्वाधिक रोष याच प्रश्नावर होता, आणि इथेच कारखानदारांचा २००९ चा धडा पुढे येतो. पॉइंट टू-टूवरचा नफा अत्यंत तुटपुंजा असतो. नवी ओळ उभारायची तर मोठी गुंतवणूक, परवानग्या आणि दीड-दोन वर्षांचा अवधी लागतो. आणि ती उभी राहीपर्यंत लोकांच्या तळघरांत इतका माल साचलेला असेल की पुढची कित्येक वर्षे कोणी खरेदीला फिरकणार नाही. ही मागणी म्हणजे भविष्यातली मागणी आजच वसूल झालेली आहे, हे त्यांनी ओळखले होते. म्हणून जादा पाळ्या, जुन्या यंत्रांची डागडुजी, एखाद-दुसरी छोटी वाढ यांवर त्यांनी भागवले. कारखानदारांना दोष देणे सोपे आहे, तरी पुढचा घटनाक्रम त्यांच्या बाजूने साक्ष देतो.

मधल्या काळात धास्ती किती तयार सरपणासारखी पडलेली होती याचा एक नमुना फेब्रुवारी २०१५ मध्ये मिळाला. शस्त्रांवर देखरेख करणाऱ्या संघराज्याच्या खात्याने एका विशिष्ट हिरव्या टोकाच्या रायफल काडतुसाला, चिलखतभेदी ठरवून, मिळालेली सूट काढून घेण्याचा नुसता प्रस्ताव मांडला. काही दिवसांत त्या काडतुसाचे साठे साफ झाले आणि भाव भडकले. ८० हजारांहून अधिक हरकती आल्या आणि १० मार्चला खात्याने प्रस्ताव गुंडाळला. या काडतुसाचा पॉइंट टू-टूशी काही संबंध नव्हता, तरी शेजारच्या फळ्याही त्याबरोबर पुन्हा रिकाम्या झाल्या.

नोव्हेंबर २०१६ मध्ये डोनाल्ड ट्रम्प निवडून आले आणि निर्बंधांची धास्ती एका रात्रीत मावळली. शस्त्रव्यापारात या कालखंडाला ‘ट्रम्प स्लम्प’, म्हणजे ट्रम्प यांच्या काळातली मंदी, असे नाव पडले. तळघरांतल्या विटा आता खाली होऊ लागल्या, दुकानांत माल पडून राहू लागला, कंपन्या सवलतींची कुपने वाटू लागल्या. १८१६ पासूनचा वारसा सांगणाऱ्या रेमिंग्टनने मार्च २०१८ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला. फेडरल आणि सीसीआय यांची मालक असलेल्या व्हिस्टा आउटडोअरने २०१९ मध्ये आपला सॅव्हेज हा बंदुकांचा कारखाना विकून टाकला. ज्याने २०१३ मध्ये ग्राहकांच्या आरोळीला भुलून नवी ओळ घातली असती, तो या वर्षांत बुडाला असता. त्यातच टेक्सासमधल्या एल पासो येथील वॉलमार्टमध्ये ऑगस्ट २०१९ मध्ये हत्याकांड झाले, आणि सप्टेंबरात त्या साखळीने पिस्तुलाची व आखूड रायफलींची काडतुसे विकणे बंद करण्याचे जाहीर केले. देशातल्या काडतूसबाजारातला आपला वाटा यामुळे सुमारे २० टक्क्यांवरून ६ ते ९ टक्क्यांवर येईल, असा तिचाच अंदाज होता.

दुसऱ्या दुष्काळाचे मूळ राजकारणापुरते मर्यादित नव्हते. मार्च २०२० मध्ये करोनाच्या साथीने देश बंद होऊ लागला तेव्हा, पोलीस यंत्रणा कोलमडेल या भीतीने, बंदुकीच्या खरेदीसाठी महिन्याभरात सुमारे ३७.४ लाख तपासण्या झाल्या. मे महिन्यात मिनीआपोलिस येथे जॉर्ज फ्लॉइड यांचा पोलिसांच्या हातून मृत्यू होऊन देशभर आंदोलने झाली आणि नोव्हेंबरात अध्यक्षीय निवडणूक आली; भीतीवर भीतीचा थर चढत गेला. २०१९ मध्ये २.८४ कोटी असलेल्या तपासण्या २०२० मध्ये ३.९७ कोटींवर गेल्या. शस्त्रव्यवसायाच्या संघटनेच्या अंदाजाप्रमाणे त्या वर्षी ८४ लाख लोकांनी आयुष्यात पहिल्यांदा बंदूक घेतली. यातल्या प्रत्येकाने पन्नासाच्या दोनच डब्या घेतल्या असे धरले तरी ८४ कोटी काडतुसांची नवी मागणी उभी राहते, आणि हे सारे जुन्या नेमबाजांच्या साठेबाजीव्यतिरिक्त.

नेमक्या याच वेळी लोनोकचा रेमिंग्टनचा कारखाना, दुसऱ्या दिवाळखोरीमुळे, क्षमतेपेक्षा फार कमी चालत होता. देश काडतुसांसाठी वणवण करत असताना देशातला एक सर्वांत मोठा काडतूस कारखाना भांडवलाअभावी अर्धवट पडून राहावा, यापेक्षा या धंद्याच्या चंचलपणाचा बोलका पुरावा नाही. २०२० च्या शरद ऋतूत व्हिस्टाने तो कारखाना रेमिंग्टनच्या नावासह ८.१४ कोटी डॉलरला घेतला आणि माणसे परत बोलावून तो पूर्ण चालू केला. तरीही वर्षअखेरीस या कंपनीच्या न पुरवलेल्या मागण्या एक अब्ज डॉलरच्या पुढे गेल्या होत्या. पिस्तुलाच्या नऊ मिलिमीटर काडतुसांची ५० ची डबी, जी वर्षारंभी दहा डॉलरच्या आसपास मिळे, ती २०२१ च्या सुरुवातीस चाळीस डॉलरला आणि कधी त्याहूनही वर गेली.

या खेपेस पुनर्भरण करणाऱ्यांचीही सुटका झाली नाही. कारखान्यांनी प्रायमर आधी स्वतःच्या काडतुसांसाठी राखून ठेवले, त्यामुळे हजार प्रायमरांचा खोका तीस-पस्तीस डॉलरवरून शंभराकडे सरकला. तांब्याचा जागतिक भावही मे २०२१ मध्ये टनाला १०,७०० डॉलरच्या पुढे जाऊन उच्चांकी ठरला, आणि पितळेत सुमारे सत्तर टक्के तांबे असल्याने या वेळच्या भाववाढीत कच्च्या मालाचा खराखुरा हात होता. त्यावर कडी म्हणजे रशियातले विरोधी नेते नवाल्नी यांच्यावरील विषप्रयोगाबद्दल अमेरिकेने सप्टेंबर २०२१ पासून रशियन काडतुसांच्या नव्या आयातीला परवाने देणे थांबवले. तूला आणि बर्नाऊल येथील कारखान्यांची पोलादी पुंगळीची काडतुसे ही गरीब नेमबाजाची शिदोरी होती; पितळी काडतुसे महागली की लोक त्यांच्याकडे वळत. ती वाट बंद झाली.

टंचाईची किंमत सर्वांनी सारखी मोजली नाही. ज्याच्या घरी जुना साठा होता त्याचे काहीच बिघडले नाही. झळ लागली ती नव्याने शिकणाऱ्यांना, मुलांच्या शिबिरांना आणि वर्गणीवर चालणाऱ्या क्लबांना, ज्यांनी दर मुलामागे बारांची संख्या घटवली किंवा छऱ्याच्या हवाई बंदुकांवर वर्ग चालवले. एका अनपेक्षित ठिकाणी मात्र या उन्मादाने भर घातली. १९३७ च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्यानुसार काडतुसांवर आणि लांब बंदुकांवर कारखानदाराकडून ११ टक्के अबकारी कर घेतला जातो आणि तो राज्यांना वन्यजीव संवर्धनासाठी वाटला जातो. साथीच्या काळातल्या विक्रीमुळे या निधीचे वार्षिक वाटप एक अब्ज डॉलरच्या वर गेले. नेमबाजाच्या धास्तीतून हरणांची कुरणे आणि पाणपक्ष्यांच्या दलदली राखल्या गेल्या.

भारतीय नेमबाजांशी या कथेचा धागा जुळतो तो याच काडतुसातून. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत २०१० मध्ये म्युनिक येथे ५० मीटर रायफल प्रोन प्रकारात विश्वविजेत्या झाल्या आणि त्याच जिल्ह्यातल्या स्वप्निल कुसाळे यांनी २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर थ्री पोझिशन्समध्ये कांस्यपदक मिळवले, ते पॉइंट टू-टूवरच. स्पर्धेच्या दर्जाचे काडतूस मात्र इंग्लंडची एली, जर्मनीची आरडब्ल्यूएस, फिनलंडची लापुआ अशा मोजक्या युरोपीय कंपन्यांकडून आयात करावे लागते, आणि त्याची किंमत अमेरिकी विटेतल्या काडतुसाच्या कितीतरी पट असते. अव्वल नेमबाज रायफल शिकंज्यात पक्की बसवून वेगवेगळ्या उत्पादन गटांची काडतुसे तपासतो, आपल्या नळीला मानवणारा गट निवडतो आणि शक्य तितका तोच घेऊन ठेवतो. माल तुटीचा असला की ही निवडच हातची जाते. भारताच्या केंद्रीय गृहमंत्रालयाने फेब्रुवारी २०२० मध्ये खेळाडूंसाठीची पॉइंट टू-टूची मर्यादा १,००० वरून ५,००० केली, ती नेमकी जागतिक बाजार कोरडा पडण्याच्या उंबरठ्यावर.

२०२२ च्या सुरुवातीपर्यंत अमेरिकी दुकानांत काडतुसे पुन्हा दिसू लागली होती. तेवढ्यात फेब्रुवारीत युक्रेनचे युद्ध सुरू झाले आणि स्पर्धक बदलला. बंदुकीच्या आधुनिक दारूचा मुख्य घटक नायट्रोसेल्युलोज, आणि तो बनतो सरकीला चिकटून राहिलेल्या आखूड तंतूंपासून, ज्यांना लिंटर म्हणतात. युरोपचा बराचसा लिंटर चीनमधून येतो. तोफगोळ्यांचे उत्पादन अनेक पटींनी वाढवण्याच्या युरोपीय प्रयत्नांत नायट्रोसेल्युलोज तोकडे पडू लागले, अमेरिकी कंपन्यांनी भाववाढीची पत्रे काढली आणि २०२४ मध्ये पुनर्भरणाच्या दारूच्या काही नामांकित प्रकारांचा पुरवठाच थांबवण्यात आला. या खेपेस माल खरोखरच कमी होता, आणि तरी २०१३ सारख्या रांगा लागल्या नाहीत.

त्याच वर्षी, २७ नोव्हेंबर २०२४ रोजी, व्हिस्टाचा काडतूस व्यवसाय, ज्यात फेडरल, सीसीआय आणि रेमिंग्टनची काडतुसे येतात, प्रागच्या चेकोस्लोव्हाक ग्रुपने सुमारे २.२ अब्ज डॉलरला विकत घेतला. युक्रेनला तोफगोळे पुरवणारा हा समूह आता लुइस्टन, अनोका आणि लोनोक या तिन्ही ठिकाणांचा मालक आहे. पॉइंट टू-टूच्या चार जुन्या अमेरिकी घरांपैकी तीन त्याच्याकडे गेली. विक्री पूर्ण झाली त्या सुमारास ५०० ची वीट दुकानांत मर्यादेशिवाय मिळत होती, आणि तिचा भाव तीस ते चाळीस डॉलरच्या दरम्यान होता.